सूड घेणाऱ्या नायिकेला ‘पुरेसं कारण’ किती लागतं?

पर्वतीची_मृण्मयी

मंडळी, एका पटकथेत अडकलेय, म्हणून धागा काढतेय. जरा लांबण लागेल, पण वाचा.

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून कमी पैशांत एक मराठी क्राईम ड्रामा करतोय. पाठीशी स्टुडिओ नाही, चॅनेल नाही. घरचे पैसे आणि ओळखीच्यांनी विश्वासाने दिलेले. गोष्ट पुण्यातलीच. नायिका पंचेचाळिशीची, नारायण पेठेत एका सीएच्या ऑफिसात टॅलीवर नोंदी करते. तिच्या आईची आयुष्यभराची ठेव एका पतसंस्थेत बुडाली. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी तीच रक्कम मोडायची होती, ती मिळाली नाही, वडील गेले. अध्यक्ष जामिनावर सुटला आणि गणपतीत मंडळाच्या स्टेजवर आरतीच्या मानाला उभा राहिला. खाली गर्दीत ती उभी. तिथून तिचा सूड सुरू होतो.

आता अडचण. आमच्यातला जो सगळ्यात जास्त पैसे घालणार आहे त्याचं म्हणणं, ‘कारण कमी पडतंय. पैसे बुडाले म्हणून कुणी खून करतं का? तिच्यावर अत्याचार झालेला दाखव, म्हणजे प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत तिच्या बाजूने येईल.’ मी हे लिहिणार नाही. पण त्याच्या बोलण्याने मनात किडा सोडलाय खरा. पैशाचं कारण पुरेल का? आणि शेवटी तिने त्याला मारावं का? मनापासून जे वाटतं ते लिहा, माझी मर्जी राखू नका.

चहाबाज

पैसे बुडाले म्हणून कुणी खून करतं का, हे ज्याचे बुडालेत त्याला विचारा. माझं मत: कारण पुरतं.

रेवा_कर्वेनगर

मृण्मयी, पहिल्यांदा तुझं अभिनंदन, की तू नाही म्हणालीस. हिंदीत आणि मराठीत हे इतकं ठरलेलं झालंय की बाईच्या हातात कोयता दिसला की मागे काय घडलं असणार हे आधीच कळतं. पुरुषाला सूड घ्यायला भाऊ मेलेला चालतो, बाप मेलेला चालतो, जमीन गेलेली चालते, नुसता अपमानसुद्धा चालतो. बाईला मात्र एकच कारण. म्हणजे तिचं जे काही जाऊ शकतं ते फक्त शरीराशीच निगडित. तिला बाप नाही? घर नाही? कष्टाचा पैसा नाही?

तुझ्या मित्राला हे असंच सांग. आणि ‘प्रेक्षक बाजूने येईल’ हे त्याचं गणितही मला पटत नाही. प्रेक्षकाला तिची कीव येईल. कीव येणं आणि बाजूने येणं यात फार अंतर आहे.

तात्या_एरंडवणे

रेवाशी बरंचसं सहमत, पण एक उदाहरण पुढे करतो जे तिच्या म्हणण्याच्या आड येईल. २०१७ चा ‘अज्जी’. देवाशिष मखिजाचा, हिंदी, लहान बजेटचा, मोठा स्टार एकही नाही. ‘व्हय मी सावित्रीबाई’ या एकपात्री नाटकवाल्या सुषमा देशपांडे त्यात आजी आहेत. कारण तेच ठरलेलं, तेही दहा वर्षांच्या नातीवरचं. गुन्हेगार पुढाऱ्याचा मुलगा, त्यामुळे पोलीस हात वर करतात. कागदावर वाचलं तर म्हणाल, हे तर शंभरदा पाहिलंय.

पण तो सिनेमा कारणावर उभा नाहीच, तयारीवर उभा आहे. गुडघे धरलेली, शिवणकाम करून पोट भरणारी म्हातारी खाटकाच्या दुकानात जाते आणि मांस कापायला शिकते. सुरी कशी धरायची, हाड कुठे लागतं, जोर कुठे द्यायचा. ती काही बोलत नाही आणि दिग्दर्शकही घाई करत नाही. शेवटात काय होणार याची भीती तिथेच बसते.

तेव्हा मृण्मयी, कारण पुरेसं आहे का याची चिंता थोडी बाजूला ठेव. तुझी बाई सूडाची तयारी कशी करते, रोजचं ऑफिस, आईची औषधं, गॅसचं बुकिंग सांभाळून, ते आधी लिही. प्रेक्षक तयारी करणाऱ्या माणसाच्या बाजूने आपोआप जातो.

रेवा_कर्वेनगर

तात्या, तयारीचं म्हणणं मान्य. पण ‘अज्जी’चंच उदाहरण घेऊन सांगते, त्यातला कपड्यांच्या दुकानात असतो तसल्या पुतळ्याचा प्रसंग मला सहन झाला नव्हता. तो माणूस किती विकृत आहे हे आम्हाला आधीच कळलेलं असतं, तरी ते दाखवत राहायचं. माझ्यासोबतची मैत्रीण उठून गेली. बाईचा राग दाखवण्यासाठी आधी बाईला इतकं सोसायला लावायचं, आणि बघणाऱ्या बायकांनाही, हे मला पटत नाही.

तात्या_एरंडवणे

तो प्रसंग लांबलाय, हे मीही म्हणेन. पण मखिजाने सूडातलं सुख प्रेक्षकाला मिळू दिलं नाही, हे लक्षात घे. शेवटानंतर टाळ्या वाजवाव्यात असं कुणालाही वाटत नाही. माझ्या लेखी तो प्रामाणिकपणा आहे. बाकी तुझा आक्षेप तुझ्याजागी योग्य.

सिनेमाचा_कीडा

१९८७ या एकाच वर्षातले दोन सिनेमे शेजारी ठेवून बघा, धाग्याचा विषय तिथे स्वच्छ दिसतो.

एन. चंद्रांचा ‘प्रतिघात’. प्राध्यापिका गुंडाविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहते, तो भर रस्त्यात तिची वस्त्रं फेडतो, शेवटी ती भर सभेत व्यासपीठावर त्याच्यावर परशू चालवते. त्या काळी जबरदस्त चालला.

आणि केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’. स्मिता पाटील गेल्यानंतर प्रदर्शित झालेला. इथे सोनबाई नाही म्हणते, सुभेदाराच्या थोबाडीत देते आणि मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. सुभेदार तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि तरी कारण पुरतं. का पुरतं? कारण जवळजवळ सगळं गाव, अगदी मुखियासुद्धा, तिला काय काय सांगतंय हे आपण दीड-दोन तास ऐकत असतो. ‘एकटी जा, गाव वाचेल.’ शेवटी बायका तिखटाची घमेली उधळतात तेव्हा ते सुभेदाराच्या डोळ्यांत जातंच, पण लागतं गावाला.

मृण्मयी, तुझ्या गोष्टीत गाव कोण आहे? अध्यक्षाला आरतीला बोलावणारे मंडळाचे लोक, नाही का? त्यांना जास्त फुटेज दे.

पाटीबहाद्दर

अहो, पुण्यात सूड घ्यायला कोयता कशाला? पाटी लावायची. ‘येथे राहणाऱ्या गृहस्थांनी लोकांच्या ठेवी परत केलेल्या नाहीत. बेल वाजवू नये, उपयोग होत नाही.’

चहाबाज

😂😂 खाली ‘दुपारी १ ते ४ जाब विचारू नये’ हेही लिहा.

पर्वतीची_मृण्मयी

पाटीबहाद्दर, तुम्ही गंमत केलीत, पण मी ही पाटी घेतेय बरं का! पहिल्या अंकात, ती अजून कुठल्या टोकाला जाणार हे तिलाच माहीत नसताना, ती रात्री त्याच्या बंगल्याच्या भिंतीवर पाटी लावते. सकाळी दूधवाला वाचतो, पेपरवाला वाचतो. आणि दुपारपर्यंत पाटी गायब, भिंत रंगवलेली.

कोर्टकचेरी

व्यवसायाने वकील, म्हणून चार कायदेशीर गोष्टी. पटकथेत त्या चुकल्या की आमच्यासारख्यांचं लक्ष उडतं.

पाटीवरून तिच्यावर बदनामीचा दावा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. खरं असेल आणि लोकहितासाठी असेल तर अपवादात बसतं, पण ते सिद्ध करायला तिलाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. तिचे पैसे बुडाले, आणि पहिली आरोपी तीच! हा प्रसंग लिहाच.

मुख्य गुन्ह्यात ‘एमपीआयडी’ हा शब्द आलाच पाहिजे. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा. पतसंस्था बुडाली की तिची चर्चा पोलीस स्टेशनात नाही, आर्थिक गुन्हे शाखेत होते. शिक्षा सहा वर्षांपर्यंत. मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी म्हणून बहुधा उपविभागीय अधिकारी नेमला जातो, मग लिलाव, मग वाटप. या प्रत्येक ‘मग’मध्ये वर्षं जातात. दुसरीकडे सहकार खात्याचं वेगळंच चाक फिरत असतं: सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी, ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चिती, अवसायकाची, म्हणजे संस्था गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याची, नेमणूक.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते आणि तुमच्या नायिकेच्या आईलाही नसणार. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. दोन्हीकडे पासबुक सारखंच, काउंटर सारखंच, लक्ष्मीचा फोटो सारखाच.

आणि खुनाबद्दल. अचानक आणि गंभीर चिथावणीचा अपवाद कायद्यात आहे, पण तो ‘अचानक’साठी. तात्या म्हणतात तशी तयारी केलीत तर हा दरवाजा बंद. सरळ खुनाचं कलम १०३. तुमची गोष्ट १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनं ३०२ म्हणायचं.

सुलभाताई

मी इथे सहसा वाचूनच जाते, आज लिहावंसं वाटलं.

आमच्या आईची ठेव अशीच गेली. पतसंस्थेचं नाव लिहीत नाही, त्याने आता काही होणार नाही. आई शिवणाचे क्लास घ्यायची आणि दर महिन्याला त्यातून काही रक्कम तिथे टाकायची. घरापासून पाच मिनिटांवर ऑफिस, आतली माणसं नावानिशी ओळखणारी. ‘आजी, या, बसा, पंखा लावतो.’ बँकेत तिला कुणी बसा म्हणायचं नाही. व्याज जास्त होतं हे खरं, पण आई तिथे जायची ती त्या ‘बसा’साठी, असं मला आता वाटतं.

बंद पडल्यावर आम्ही रोज जायचो. शटर अर्धं उघडं. आत एकच कारकून, तोही पगार न मिळालेला. लोक पावत्या घेऊन उभे. आईची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, रबराखाली आणखी एक पिशवी. पावतीवर मागच्या बाजूला शिक्का होता, ‘मुदत संपल्यावर मूळ पावती हजर करणे’. आई प्रत्येकाला तो शिक्का दाखवायची. मी हजर केलीये म्हणायची. पुढे अवसायक आला, त्याने फॉर्म भरून घेतले, झेरॉक्स मागितल्या, मूळ पावती परत दिली. आई गेली तेव्हा ती तिच्या उशीखाली नव्हती वगैरे, तसलं काही नाटकी नाही. ती कपाटातच होती. अजून आहे.

मृण्मयी, तुझ्या मित्राला सांग की कारण पुरतं. मी कुणाला मारलं नाही, मारणारही नव्हते. पण मनातल्या मनात मी त्या माणसाचं काय काय केलंय ते इथे लिहिता येणार नाही.

रेवा_कर्वेनगर

सुलभाताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

चहाबाज

ताई, 🙏

दशमग्रह

सगळ्यांचा आदर राखून वेगळा सूर लावतो. सूडाच्या गोष्टींनी हाती काय लागतं? द्रौपदीने केस मोकळे ठेवले, अठरा अक्षौहिणी सैन्य संपलं, आणि तिचे स्वतःचे पाचही मुलगे गेले. महाभारत हा सूडाविरुद्धचाच ग्रंथ आहे. सुलभाताईंचं दुःख खरं आहे, पण त्यावर तोडगा म्हणून पडद्यावर खून दाखवणं मला योग्य वाटत नाही.

पर्वतीची_मृण्मयी

दशमग्रह, तोडगा म्हणून नाहीच दाखवत आहे. पण तुम्ही महाभारत काढलंत तर द्रौपदीपेक्षा अंबेकडे बघा ना. तिच्या बाबतीत काय घडलं? भीष्माने स्वयंवरातून उचलून आणली. शाल्वावर मन आहे म्हटल्यावर सन्मानाने परत पाठवली. शाल्वाने नाकारली. भीष्म व्रतामुळे लग्न करेना. परशुराम तिच्या बाजूने लढून थकला. कुणी तिच्यावर हात टाकलेला नाही, प्रत्येकजण आपापल्या नियमाने बरोबरच वागतो, आणि तरी तिचं आयुष्य मोडून पडलेलं आहे. त्याची भरपाई द्यायला कुणीच बांधील नाही.

माझ्या नायिकेचं हेच आहे. कारकून म्हणतो माझ्या हातात नाही, अवसायक म्हणतो प्रक्रिया चालू आहे, पोलीस म्हणतात आरोपपत्र दाखल झालंय. सगळे बरोबर. फक्त तिचा बाप गेलेला. व्यासांना अंबेचं कारण एका जन्माच्या पलीकडे पुरवायला पुरेसं वाटलं, तर मला नव्वद मिनिटांना का पुरू नये!

दशमग्रह

हा मुद्दा बिनतोड आहे. अंबेचा विचार मी या अंगाने केला नव्हता. खुनाविषयीचं मत मात्र कायम.

वर्धा_रोड

मी मूळचा नागपूरचा. ऑगस्ट २००४ मध्ये कस्तुरबानगरच्या बायकांनी एका गुंडाला कोर्टाच्या आवारात, थेट न्यायदालनात मारलं, ते आठवत असेल. बाहेरगावचे लोक त्याबद्दल फार जोशात बोलतात. पण त्या वस्तीने त्याआधी कितीतरी वर्षं तो माणूस सोसला होता, आणि तक्रार करायला गेलेल्यांचं काय व्हायचं हेही सगळ्यांना माहीत होतं. नंतरही खटल्याची टांगती तलवार वर्षानुवर्षं डोक्यावर राहिली. सिनेमा करणाऱ्यांना तो एक दिवस दिसतो. तुम्ही आधीची आणि नंतरची वर्षं दाखवलीत तर मी तिकीट काढून येईन.

नीरज_लेन्स

कॅमेऱ्याच्या बाजूने थोडं. मी मृण्मयीच्या युनिटमध्ये नाही, पण पुण्यात बरंच शूट केलंय.

गणपतीतली खरी गर्दी वापरायचा मोह होणार. नायिकेचे क्लोजअप खऱ्या गर्दीत मिळतील, लोक आरतीकडे बघत असतात, कॅमेऱ्याकडे नाही. पण अध्यक्ष स्टेजवर आहे तो भाग खऱ्या मंडळात करू नका. कुठलं मंडळ हे पुण्यात एका फ्रेममध्ये ओळखतात आणि मग भलताच वाद. छोटा मांडव उभा करा, मूर्तीचा चेहरा फ्रेममध्ये घेऊ नका, फक्त निरांजनाचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर. ते स्वस्तही पडतं. रस्त्यावरच्या परवानग्यांसाठी सरकारची एक खिडकी योजना आहे, अर्ज लवकर टाका.

आवाज हा पेठांमधला खरा शत्रू. नारायण पेठेत सिंक साऊंड (म्हणजे शूटिंगच्या वेळीच खरा आवाज रेकॉर्ड) करायचा तर पहाटे साडेचारला युनिट उभं करावं लागतं. साडेसहापासून दुचाक्या सुरू, त्यानंतर संवाद विसरा.

भिडे पुलावर शेवट ठेवायचा विचार कुणी करत असेल तर आधीच सांगतो, खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल बंद करतात. पावसाळ्यात तारखा गेल्याच म्हणून समजा.

पर्वतीची_मृण्मयी

नीरज, शेवट भिडे पुलावरच होता 🙈 निरांजनाच्या उजेडाचं मात्र आत्ताच लिहून ठेवलं.

सिनेमाचा_कीडा

सेन्सॉर प्रमाणपत्राचाही विचार आत्ताच करा. ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, मिळालं की टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणजे लहान मराठी सिनेमाचा एक हक्काचा पैसा गेला. २०२४ च्या नियमांपासून यूएमध्ये ७+, १३+, १६+ असे टप्पे झालेत, तुमचा विषय १६+ मध्ये बसू शकतो, रक्त किती यावर आहे. आणि कापाकापी सुचवली तर दाद मागायला पूर्वीचं अपिलीय न्यायाधिकरण आता नाही, २०२१ मध्ये ते गेलं. थेट उच्च न्यायालय. लहान निर्मात्याला ते कुठलं परवडतंय?

कोर्टकचेरी

रात्री झोपताना या गोष्टीचाच विचार करत होतो. मृण्मयी, तुमची नायिका सीएच्या ऑफिसात काम करते, आणि अजून कुणीच त्याचा उपयोग केलेला नाही! तिला कोयता कशाला हवा? तिला इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा, वाचता येतो.

असे अध्यक्ष स्वतःच्या नावावर काही ठेवत नाहीत. प्लॉट ड्रायव्हरच्या नावावर, फ्लॅट स्वयंपाकीणबाईंच्या नावावर, धायरीतला गाळा मेहुण्याच्या माणसाच्या नावावर. दस्त नोंदवलेले असतात आणि ते शोधता येतात. आता बेनामी कायद्याचं कलम ४ बघा. मालमत्ता ज्याच्या नावावर आहे त्याने ‘ही माझीच’ म्हणून हात वर केले, तर खरा मालक म्हणवणाऱ्याला ती परत मिळवायला दावाच लावता येत नाही. कोर्टाचं दार बंद. वर तक्रार केली तर ‘मी बेनामी व्यवहार केला’ असं स्वतःच कबूल करायचं.

म्हणजे तिने फक्त एवढंच करायचं. ड्रायव्हरला, स्वयंपाकीणबाईंना एकेक करून गाठायचं आणि सांगायचं, ‘तो प्लॉट तुमचा आहे. कागदावर तुमचंच नाव आहे. देऊ नका.’

चहाबाज

आईशप्पथ! वकीलसाहेब, तुम्ही इतके दिवस कुठे होता?

तात्या_एरंडवणे

हे विलक्षण आहे. आणि आता तुझी ‘तयारी’सुद्धा मिळाली. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर एक बाई, डबा उघडा, आणि ती एकामागून एक दस्त वाचतेय. नावं जुळवतेय. ड्रायव्हरचं आडनाव तिला कुठून कळतं? गणपतीच्या वर्गणीच्या यादीतून!

पाटीबहाद्दर

पण रक्ताचा थेंब नाही, मग क्राईम ड्रामा म्हणून विकणार कसा? पैसे घालणारा मित्र पळून जाईल. मी गंमत करत नाहीये, खरंच विचारतोय. एक तरी माणूस मरायला हवा, निदान मरण्याच्या बेतात यायला हवा.

रेवा_कर्वेनगर

ड्रायव्हर. त्याने प्लॉट द्यायला नकार दिल्यावर अध्यक्ष गप्प बसेल का? नायिका तिच्या घरी सुरक्षित, आणि तिच्या सांगण्यावरून उभा राहिलेला माणूस रात्री सिंहगड रोडवर एकटा बाईकवर. सूड तिचा, धोका त्याला. मृण्मयी, इथे मला तुझ्या नायिकेची पहिल्यांदा भीती वाटली.

कोर्टकचेरी

आणि याहून मोठा पेच सांगतो. ठेवीदारांच्या पैशातून दुसऱ्यांच्या नावावर घेतलेली मालमत्तासुद्धा एमपीआयडीखाली जप्त होऊ शकते. म्हणजे तिने केलेली यादी ही सगळ्या ठेवीदारांसाठी सोन्याची आहे. ती यादी आर्थिक गुन्हे शाखेला दिली तर लिलाव होऊन कधीतरी, सावकाश, सगळ्यांना थोडे थोडे पैसे मिळतील. अध्यक्ष मात्र वकील लावून वर्षं काढेल आणि आरतीला उभा राहत राहील. नाही दिली, आणि ड्रायव्हर-स्वयंपाकीणीला फितवलं, तर अध्यक्ष याच वर्षी रस्त्यावर येईल. पण आईसोबत रांगेत उभ्या राहिलेल्यांना छदाम मिळणार नाही.

यादी एकच. ती कुणाकडे जाते?

वर्धा_रोड

हा खरा सिनेमा.

दशमग्रह

मी अजूनही सूडाच्या विरुद्ध आहे, पण हा सिनेमा मी बघेन. तिने यादी पोलिसांना द्यावी असं मला वाटतं, आणि ती देणार नाही अशी भीतीही वाटते.

पर्वतीची_मृण्मयी

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण पहिल्या पानापासून परत लिहायला घेतलंय. मित्राला फोन करून यादीचा पेच सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘मग ती काय करते?’ अत्याचाराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मला त्याचा तो प्रश्न पुरला.

आता माझा प्रश्न सुलभाताईंना. ताई, तुम्ही लिहिलंत की मनातल्या मनात त्या माणसाचं काय काय केलंत. विचारू नये कदाचित, पण विचारते. त्यात त्याला मारणं होतं का?

सुलभाताई

विचारलंस ते बरं केलंस. सुरुवातीला होतं. नंतर नाही.

नंतर मला एकच हवं होतं. त्याने हातात पावती घेऊन त्या अर्ध्या शटरसमोर उभं राहावं. पुढे माणसं, मागे माणसं. आतल्या माणसाने मान वर न करता म्हणावं, साहेब आले नाहीत, उद्या या. आणि तो दुसऱ्या दिवशी परत यावा. तो मेला असता तर मला हे बघायला मिळालं नसतं.

यादीचं म्हणशील तर, आईच्या रांगेत एक पेन्शनर गृहस्थ होते, दोन मुली लग्नाच्या. माझ्याकडे अशी यादी असती तर ती मी त्यांच्यासाठी दिली असती, असं म्हणायला मला आवडेल. पण त्या दिवसांत माझ्याकडे ती यादी असती तर काय केलं असतं हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तुझी नायिका तशीच असू दे. तिला फार चांगली करू नकोस.

पर्वतीची_मृण्मयी

ताई, अध्यक्ष दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात रांगेत उभा आहे. ड्रायव्हरने प्लॉट परस्पर विकल्याचं कळल्यावर दस्ताची नक्कल मागायला आलाय. खिडकीतली बाई मान वर न करता म्हणते, साहेब आले नाहीत, उद्या या. नायिका मागच्या बाकावर बसलीये. तिच्या शेजारी तुमच्या त्या पेन्शनर गृहस्थांसारखे एक, ज्यांना यादीबद्दल काहीच माहीत नाही. ते तिला विचारतात, आपलं काही कळलं का हो?

हे तुमचं आहे, म्हणून विचारते, वापरू का?

सुलभाताई

वापर. पेन्शनर गृहस्थांना पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं दे. माझं नाव कुठे नको.

नीरज_लेन्स

सरकारी ऑफिसात शूटिंगची परवानगी मिळेल या भरवशावर राहू नका. बंद पडलेल्या एखाद्या शाळेचा वर्ग घ्या, खिडकी बसवून घ्या, बाकं तिथेच मिळतील. रांगेला तीसेक माणसं लागतील. मी येतो, लाईट माझे.

तात्या_एरंडवणे

रांगेसाठी मी आणि आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधले सगळे. पांढरे शर्ट घरचे.

पाटीबहाद्दर

पाटी मी रंगवून देतो. खरोखरच.

कोर्टकचेरी

पावत्या, शिक्के, पासबुक काहीही खऱ्या संस्थेचं वापरू नका, नाव ठरवण्याआधी त्या नावाची नोंदलेली पतसंस्था राज्यात कुठे आहे का ते बघून घ्या. सहकार आयुक्तालय सेंट्रल बिल्डिंगमध्येच आहे. आणि दस्ताच्या नकलेचा अर्ज खरा कसा असतो त्याचा नमुना मी पाठवतो, क्लोजअपमध्ये कागद चुकीचा दिसायला नको.